शंभर रुपयांमागे किती?

लक्ष्मी रोडवर साडी घेतली किंवा दादरला मिक्सर घेतला, की पैसे देताना गल्ल्यावरचे काका विचारतात, "रोख, जीपे की कार्ड? क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के जादा पडतील हं." आपण थोडी कुरकुर करतो, कधी घासाघीस करतो, कधी मुकाट्याने मोबाइल काढतो. पण त्या काकांनी एका वाक्यात क्रेडिट कार्डाचं सगळं अर्थशास्त्र सांगितलेलं असतं. कार्डावर मिळणारे पॉइंट, कॅशबॅक, सिनेमाची फुकट तिकिटं, विमानतळावरचा नाश्ता, हे सगळं मुळात त्या दोन टक्क्यांतून येतं. म्हणून कार्डांची तुलना जाहिरातीपासून सुरू न करता गल्ल्यापासून सुरू करू.

आपण हजार रुपयांची खरेदी कार्डावर केली की दुकानदाराच्या खात्यात हजार जमा होत नाहीत. त्याचा बँकेशी ठरलेला दर दोन टक्के असेल तर ९८० जमा होतात. उरलेल्या वीस रुपयांना तीन वाटेकरी असतात: आपल्याला कार्ड देणारी बँक, दुकानात मशीन बसवणारी बँक, आणि या दोघींना जोडणारं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचं जाळं. सगळ्यांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. या एकूण आकाराला बँकवाले 'एमडीआर' म्हणतात. कार्ड देणारी बँक आपल्या वाट्यातला काही भाग गिऱ्हाइकाला परत करते, तो रिवॉर्ड. दुकानदाराने हा आकार गिऱ्हाइकावर टाकू नये अशी कार्डांच्या व्यवस्थेची अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक जण टाकतात. तसं झालं तर हिशेब सोपा आहे. दोन टक्के जादा देऊन एक टक्का परत मिळवण्यात काहीच अर्थ नाही, तिथे कार्ड खिशातच ठेवावं.

रिवॉर्ड या आकारातूनच येतो याचा पुरावा आपल्याच पाकिटात आहे. डेबिट कार्डावरच्या आकाराला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली: वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के, मोठ्यांना ०.९० टक्के. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरचा आकार सरकारने शून्यच केला. जिथे आकार नाही तिथे वाटायलाही काही नाही, म्हणून साध्या डेबिट कार्डाच्या जाहिरातीत आज घसघशीत बक्षिसं दिसत नाहीत. क्रेडिट कार्डावर मात्र अशी कमाल मर्यादा घातलेली नाही.

परदेशातही हीच गोष्ट दिसते. युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डावर बँकेला मिळणारा वाटा ०.३ टक्क्यावर आणून ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ पासूनच तो खाली आणला, आणि तिथल्या कार्डांचे पॉइंट हळूहळू रोडावले. अमेरिकेत डेबिट कार्डाला २०१० च्या कायद्याने लगाम बसला, क्रेडिट कार्डाला नाही. त्यामुळे न्यू जर्सीत राहणारा भाचा सुट्टीत घरी आला की कार्डाच्या पॉइंटांवर काढलेल्या विमान तिकिटाची गोष्ट रंगवून सांगतो, आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या त्याच्या बहिणीकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं. दोघांच्या हुशारीत फरक नाही, दोन देशांच्या नियमांत आहे.

आता पॉइंटांकडे वळू. पॉइंट हे बँकेने स्वतः छापलेलं चलन आहे. त्याची किंमत तीच ठरवते, आणि मनात आलं की बदलते. म्हणून 'किती पॉइंट मिळतात?' या प्रश्नाला काही अर्थ नाही. विचारायचं ते असं: शंभर रुपये खर्च केल्यावर मला किती रुपये परत मिळतात? सगळी कार्डं या एका मापात बसवली की निम्मी धूळ खाली बसते.

एसबीआय कार्डाचं 'सिंपलीक्लिक' हे पहिल्या नोकरीतल्या मुलामुलींमध्ये लोकप्रिय असलेलं कार्ड घेऊ. ठरावीक ऑनलाइन दुकानांत 'दहापट पॉइंट' ही त्याची मोठी ओळख. मूळ दर शंभर रुपयांना एक पॉइंट, म्हणजे दहापट झाल्यावर दहा. शंभराला दहा म्हटल्यावर मनात दहा टक्के उमटतात. पण चार पॉइंटांचा एक रुपया होतो, म्हणजे दहा पॉइंटांचे अडीच रुपये. अडीच टक्के काही वाईट नाहीत, पण दहा टक्केही नाहीत. प्रत्यक्ष दुकानातल्या खरेदीवर शंभराला एक पॉइंट, म्हणजे पंचवीस पैसे.

दुसरी खोच पॉइंट कुठे वापरतो यात असते. मधल्या आणि वरच्या दर्जाच्या बऱ्याच कार्डांत एकाच पॉइंटाच्या तीन-चार किमती असतात. बँकेच्या संकेतस्थळावरून विमान किंवा हॉटेल बुक केलं तर पॉइंट पन्नास पैशांचा, कॅटलॉगमधली बॅग किंवा मिक्सर घेतला तर पस्तीस पैशांचा, आणि बिलातून वजा करा म्हटलं तर वीस पैशांचा. म्हणजे वर्षातून एकदा एसटीने किंवा कोकणकन्येने गावी जाणाऱ्या माणसाच्या हातात पडणारा पॉइंट हा महिन्याला विमानाने दिल्लीला जाणाऱ्याच्या पॉइंटाच्या निम्म्याहूनही कमी किमतीचा असतो. कार्ड एकच, वार्षिक फीही एकच. जाहिरातीत अर्थातच विमानवाली किंमत असते.

तिसरी खोच बारीक आहे, पण रोजच्या खर्चात तीच जास्त नडते. काही कार्डांवर पॉइंट दर दीडशे रुपयांना मिळतात आणि दीडशेच्या पटीतच मोजले जातात. १४० रुपयांच्या औषधांना काहीच नाही; २९० रुपयांच्या बिलाला एकाच दीडशेचे. महिन्यात अशी छोटी बिलं पंधरा-वीस झाली की कागदावरचा दर आणि हातातला दर यांत चांगलीच तफावत पडते. टक्क्यांत थेट कॅशबॅक देणारं कार्ड इथे सरळ वाटतं. माझा कल रोजच्या खर्चासाठी कायम कॅशबॅककडेच आहे. पॉइंटांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यातून जास्त काढता येतं हे खरं, पण तो अभ्यास वर्षभर चालू ठेवावा लागतो, आणि घर चालवणाऱ्या माणसाकडे तेवढी सवड असतेच असं नाही.

आता प्रत्यक्ष एका घराचा हिशेब मांडू. समजा, ठाण्यात चौघांचं कुटुंब आहे. गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी, विमा, कामवाल्या ताईंचा पगार हे सगळं बँकेतून किंवा रोखीने जातं; त्याला आपण हात लावत नाही. कार्डावर टाकता येईल असा महिन्याचा खर्च असा: सुपरमार्केटमधला किराणा ८,००० रुपये, पेट्रोल ४,०००, वीज-मोबाइल-इंटरनेट-गॅस ५,०००, ऑनलाइन खरेदी ६,०००, हॉटेलात जाऊन खाणं २,०००, घरी मागवलेलं खाणं २,०००, औषधं २,०००. एकूण २९,०००.

पहिलं कार्ड आजन्म मोफत. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पाच टक्के, बाकी सगळीकडे एक टक्का, पेट्रोलवर काही नाही. सहा हजारांतली चार हजारांची खरेदी त्या दुकानात होते असं धरलं तर तिथून २०० रुपये, उरलेल्या २१,००० वर २१० रुपये. महिन्याला ४१०, वर्षाला ४,९२०.

दुसऱ्या कार्डाची वार्षिक फी ९९९ रुपये, अठरा टक्के जीएसटी धरून १,१७९. कुठल्याही ऑनलाइन दुकानात पाच टक्के, प्रत्यक्ष दुकानात एक टक्का, बिलांवर आणि पेट्रोलवर शून्य. ऑनलाइन खरेदी आणि घरी मागवलेलं खाणं मिळून ८,००० वर ४०० रुपये. किराणा, हॉटेल आणि औषधं मिळून १२,००० वर १२०. महिन्याला ५२०, वर्षाला ६,२४०. पहिल्या वर्षी फी वजा जाता ५,०६१ उरतात, म्हणजे मोफत कार्डापेक्षा फक्त १४१ रुपये जास्त. वर्षाला दोन लाख खर्च केल्यास फी माफ अशी अट असेल, तर हे घर त्यात बसतं, आणि दुसऱ्या वर्षापासून फरक १,३२० रुपयांचा होतो.

तिसरं कार्ड दिमाखदार. फी २,५००, जीएसटी धरून २,९५०. दीडशे रुपयांना चार पॉइंट, पेट्रोलवर नाहीत. २५,००० च्या खर्चावर वर्षाला साधारण ८,००० पॉइंट जमतात. विमानासाठी वापरले तर ४,००० रुपये. फी वजा जाता १,०५० उरतात. बिलातून वजा करून घेतले तर १,६०० रुपये, म्हणजे फीसुद्धा भरून निघत नाही आणि १,३५० चा तोटा. या कार्डाची शान विमानतळावरच्या लाउंजमध्ये आणि परदेशी चलनाच्या सवलतीत आहे. वर्षाला दहा वेळा विमानात बसणाऱ्याने त्याचा जरूर विचार करावा. ठाण्याच्या या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही, मग बँकेचा प्रतिनिधी फोनवर 'सर, तुमच्यासाठी खास निवड झाली आहे' असं कितीही गोड बोलो.

लाउंजबद्दल एवढंच सांगतो: आपण आत गेलो की दर माणशी ठरलेली रक्कम बँकेला भरावी लागते, आणि गर्दी वाढल्यापासून बऱ्याच बँकांनी मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे. घरातून निघण्यापूर्वी ही अट तपासावी.

पेट्रोलचा हिशेब वेगळा आहे, कारण तिथे एक जुनी गंमत अजून टिकून आहे. पंपावर क्रेडिट कार्ड वापरलं की साधारण एक टक्का अधिभार लागतो. बहुतेक कार्डं तो ठरावीक रकमेच्या व्यवहारांवर माफ करतात आणि ही माफी लाभाच्या यादीत लिहितात. भारत पेट्रोलियम आणि एसबीआय यांच्या कार्डाचा '४.२५ टक्के' हा आकडा आपण फलकांवर पाहिला असेल. त्यातले ३.२५ टक्के पॉइंटांचे आणि एक टक्का अधिभारमाफीचा. पण यूपीआयने किंवा रोखीने पैसे देणाऱ्याला हा अधिभार मुळात लागतच नाही. जो दंड आपल्याला होणारच नव्हता, त्याची माफी मिळकतीत धरता येत नाही. मग उरतात ३.२५ टक्के, महिन्याच्या ४,००० वर १३०, वर्षाचे १,५६०. फी ४९९ आणि जीएसटी गेले की हातात ९७० च्या आसपास. वाईट नाही, पण पंप घराच्या किंवा कामाच्या वाटेवर हवा. दोन किलोमीटर वळसा घालून पेट्रोल भरणाऱ्याचे हे पैसे रस्त्यातच जळतात.

या सगळ्या हिशेबात 'बिलांवर शून्य', 'पेट्रोलवर शून्य' असं का येतं, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. बँकेला आपण नेमकं काय घेतलं ते दिसत नाही. साबण घेतला की नारळ, हे तिला कळत नाही. दुकानाला मशीन देताना त्याच्या धंद्याचा एक चार आकडी क्रमांक ठरवलेला असतो, तो तिला दिसतो. सुपरमार्केट आणि किराणा ५४११, हॉटेल ५८१२, औषधाचं दुकान ५९१२, पेट्रोल पंप ५५४१, वीज-पाणी-गॅस ४९००, घरभाडं ६५१३. हे क्रमांक जगभर सारखे आहेत. कार्डाच्या अटींत 'किराण्यावर पाच टक्के' लिहिलं असेल, तर त्याचा खरा अर्थ '५४११ क्रमांकाच्या दुकानात पाच टक्के' असा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने वीस वर्षांपूर्वी स्टेशनरीचं दुकान म्हणून नोंदणी केली असेल आणि आता तो तूरडाळ विकत असेल, तर बँकेच्या लेखी आपण वह्या-पेनच घेतले. तक्रार करूनही फायदा होत नाही, कारण त्यात चूक कुणाचीच नसते.

आणि ज्या क्रमांकांवर बँकेला मिळणारा वाटा कमी, ते क्रमांक बक्षिसांतून वगळलेले. इंधन, वीजबिल, विमा, सरकारी भरणा, वॉलेटमध्ये पैसे टाकणं ही वगळलेली यादी बहुतेक कार्डांत साधारण सारखीच असते. घरभाड्याचं उदाहरण बोलकं आहे. काही वर्षांपूर्वी अनेक जण ॲपवरून कार्डाने भाडं भरून पॉइंट गोळा करत होते. काही तर भावाला किंवा बायकोलाच घरमालक दाखवून पैसे फिरवत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँकेने अशा भाड्यावर एक टक्का शुल्क सुरू केलं, मागोमाग इतर बँकाही आल्या. ऑगस्ट २०२४ पासून एचडीएफसी बँकेने पन्नास हजारांवरच्या वीज-पाण्याच्या बिलांनाही एक टक्का लावला. सामान्य घराचं वीजबिल तिथवर जात नाही, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते यातून कळतं: आकारापेक्षा जास्त बक्षीस जिथे जिथे निसटत होतं, ती प्रत्येक फट बुजवली जाते आहे.

यूपीआयवरचं क्रेडिट कार्ड हा यातला सर्वांत नवा आणि आपल्या रोजच्या खर्चाला सर्वांत जवळचा भाग. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये परवानगी दिली, सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष सुरुवात झाली, आणि रुपे क्रेडिट कार्ड ॲपला जोडून दुकानाचा क्यूआर स्कॅन करता येऊ लागला. चहाची टपरी, झेरॉक्सचं दुकान, सलून, जिथे मशीन कधी पोचलंच नव्हतं तिथे क्रेडिट कार्ड पोचलं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. हे फक्त दुकानाच्या, म्हणजे व्यापारी म्हणून नोंदलेल्या क्यूआरवर चालतं. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनी स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर व्यवहार होणार नाही, कारण माणसाकडून माणसाला पैसे पाठवायला क्रेडिट कार्ड चालत नाही. दुसरं, छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर आकार पडत नाही. त्याच्या दृष्टीने हे उत्तम. पण वर पाहिलेल्या न्यायाने, आकार नाही तिथे बँकेचा हातही आखडतो, म्हणून बऱ्याच कार्डांवर यूपीआयच्या खर्चाला कमी दर किंवा महिन्याची तोकडी मर्यादा असते.

इथवरचा प्रत्येक आकडा एका गृहीतावर उभा आहे: दर महिन्याचं पूर्ण बिल मुदतीच्या आत भरलं जातं. हे गृहीत ढळलं की सगळं कोसळतं, आणि ते किती वेगाने कोसळतं हे फार कमी जणांना ठाऊक असतं. वाण्याच्या वहीत लिहिलेली उधारी पगाराच्या दिवशी राहिली तर वाणी चार शब्द ऐकवून पुढच्या महिन्यावर ढकलायचा. कार्डाची उधारी तशी नाही. बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहून थोडं जास्त, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्क्यांच्या पुढे. ठाण्याच्या त्या घराने एखाद्या महिन्यात दहा हजार रुपये मागे ठेवले, तर एका महिन्याचं व्याज ३५० आणि त्यावर जीएसटी ६३, एकूण ४१३ रुपये. पहिल्या कार्डाची महिन्याची कमाई ४१० होती. म्हणजे एवढ्यानेच ती साफ झाली.

पण तेवढ्यावर भागत नाही. बाकी राहिली की पुढच्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एरवी वीस ते पन्नास दिवस मिळणारी सवलत बंद होऊन नव्या दूध-किराण्यावरही घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. स्टेटमेंटवर ठळक छापलेली 'किमान देय रक्कम', बहुधा पाच टक्के, भरली की विलंब शुल्क टळतं आणि क्रेडिट स्कोअर सांभाळला जातो. व्याज मात्र चालूच राहतं. या दराला काही तरी मर्यादा असावी म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला तीस टक्क्यांची रेघ आखली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. व्याजदराचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे असं त्यामागचं म्हणणं. तेव्हा कायद्याचं कुंपण इथे नाही. खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप वळती होण्याची सूचना पहिल्याच दिवशी बँकेला देऊन ठेवणं, हे कार्ड घेतल्यावर करायचं पहिलं काम. सूचना देताना 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' असे दोन पर्याय येतात, तिथे नीट पाहावं.

व्याज न भरणाऱ्यालाही कार्ड महाग पडू शकतं, कारण हातातून नोट जाताना जी बोच लागते ती इथे लागत नाही. एमआयटीच्या ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितलं होतं. काहींना रोख द्यायची होती, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. सामना खास होता, तिकिटं दुर्मीळ होती. आपण रोजच्या कोथिंबिरीला दुप्पट पैसे मोजणार नाही. पण वर्षाअखेरीला 'अजून अठरा हजार खर्च केले की फी माफ' असा संदेश येतो आणि आपण नको असलेला एअर फ्रायर घेतो, तेव्हा तोच मोह काम करत असतो. बाराशे रुपयांची फी वाचवायला अठरा हजार खर्च करणं कुठल्याही वहीत बसत नाही. फी भरावी, किंवा कार्ड बंद करावं.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्याला मिळणारा एक टक्का कुणाच्या तरी खिशातून येतो. दुकानदार तो आकार सोसतो किंवा हळूच किमतीत मिसळतो, आणि किंमत सगळ्यांना एकच असते. रोख देणारी घरकाम करणारी बाई आणि पॉइंट गोळा करणारा अभियंता दोघेही साखरेला तोच भाव देतात. त्यातल्या एकालाच काही परत मिळतं. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली याचा हिशेब केला होता. रोख वापरणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर अप्रत्यक्षपणे कार्डवाल्या कुटुंबांना देत होतं, आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळत होते. आपल्याकडे यूपीआय फुकट असल्यामुळे परिस्थिती तितकी विषम नसावी असं मला वाटतं, पण पैशाच्या वाहण्याची दिशा तीच आहे. म्हणून मोठ्या साखळी दुकानांत, ऑनलाइन, विमान कंपन्यांकडे कार्ड निःसंकोच वापरावं. त्यांनी तो आकार आधीच किमतीत धरलेला असतो. गल्लीतला वाणी, ओळखीचा औषधवाला, पुस्तकांचं छोटं दुकान, जिथे दोन-पाच टक्क्यांच्या नफ्यावर घर चालतं, तिथे खात्यातून थेट यूपीआय करावं. ठाण्याच्या घराने औषधांचे २,००० असे वळवले तर त्यांचे महिन्याला वीस रुपये बुडतात. तेवढ्याने कुणाचं काही अडत नाही, आणि मशीनने पैसे घेतले असते तर त्या दुकानदाराचे चाळीस गेले असते.

वरच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते, ती कार्डांची दुनिया चघळणाऱ्यांना पटत नाही. मोफत कार्ड आणि चांगलं फीवालं कार्ड यांत या घराला वर्षाला जेमतेम १,३०० रुपयांचा फरक पडतो. पेट्रोलचं तिसरं कार्ड घेतलं तर आणखी हजार. त्यासाठी तीन मुदती, तीन स्टेटमेंटं, तीन पासवर्ड. एकाही कार्डाची तारीख चुकली तर विलंब शुल्क आणि व्याज मिळून वर्षभराची ती जादा कमाई जाऊ शकते. पन्नास हजारांच्या आत महिन्याचा खर्च असलेल्या घराला एक कार्ड पुरतं, फार तर दोन. ज्यांना या आकडेमोडीत आनंद वाटतो त्यांनी जरूर पाच सांभाळावीत.

निवड केल्यानंतरही वर्षातून एकदा वही काढून हाच हिशेब पुन्हा करायला हवा, कारण दर बदलतात, आणि बहुधा खालीच जातात. ॲक्सिस बँकेचं 'मॅग्नस' हे कार्ड हौशी मंडळींचं लाडकं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचे लाभ एका फटक्यात आटले. 'एस' या त्यांच्याच कार्डाचा सरसकट दोन टक्क्यांचा दरही नंतर दीडवर आला. म्हणून पॉइंट साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतं, पॉइंटांवर मिळत नाही, शिवाय अनेक कार्डांवर दोन-तीन वर्षांत ते रद्दही होतात.

हिशेबात न बसणारं कार्ड बंद करायला लोक बिचकतात, कारण कस्टमर केअरवाले अर्धा तास सोडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, सगळी बाकी चुकती केलेली असेल तर मागणी केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केलंच पाहिजे. नाही केलं तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत. अर्ज लेखी, ईमेलने किंवा ॲपवरून करावा, म्हणजे तारीख नोंदली जाते. त्याआधी उरलेले पॉइंट वापरून टाकावेत, आणि त्या कार्डावर ओटीटी, वर्तमानपत्र, विम्याचा हप्ता अशा ज्या गोष्टी आपोआप कापल्या जातात त्या दुसरीकडे वळवाव्यात. कार्ड बरीच वर्षं जुनं असेल आणि लवकरच घरासाठी कर्ज काढायचं असेल, तर कर्ज मंजूर होईपर्यंत ते तसंच राहू द्यावं. जुन्या खात्याचा इतिहास क्रेडिट स्कोअरला आधार देतो.